त्रेचाळीस नंबर हजर

“आजी मृदुभाषी होती, असं लिही,” काका म्हणाले आणि मला हसू फुटलं. घरात माणूस गेलेलं असताना हसले म्हणून काकूने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. पण मी तरी काय करू? प्रवचन लांबलं की दारातूनच चर्चच्या पाळकसाहेबांना मनगटावरचं घड्याळ दाखवणारी बाई मृदुभाषी असेल, तर मी जन्माची मुकी आहे.

आजी गुरुवारी पहाटे गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. अंत्यविधी शनिवारी सकाळी दहाला ठरला आणि तिचा जीवनपट लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण मी पाणीपुरवठा कार्यालयात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. काहीही न सांगता दोन पानं भरायची मला सवय आहे, आणि काकांना नेमकं तेच हवं होतं.

काका म्हणजे आजीचा थोरला मुलगा, आणि गेली एकतीस वर्षं चर्चच्या कमिटीचे चिटणीस. आजी गेली त्याच दिवशी दुपारी त्यांनी तिच्या नावाच्या संगमरवरी पाटीचं नक्की केलं, पुस्तिकेसाठी छापखाना ठरवला आणि फोटोवाल्याला आजीचा फोटो दिला. आजी फोटोत कधी हसली नाही. “दात काढायला काय झालंय?” असं ती फोटोवाल्यालाच विचारायची. त्याने संगणकावर तिला हसवलं. फोटो आला तेव्हा त्यात कुणाची तरी आजी हसत होती, आमची नव्हे. काका म्हणाले, “वा! काय प्रसन्न दिसतेय.”

मला मात्र वेगळीच काळजी लागली होती. मरायच्या आठ दिवस आधी आजीने मला उशाशी बसवून घेतलं होतं. म्हणाली, “माझ्या वेळी बायबलातला शास्त्रपाठ वाचायला तुझ्या आत्याला उभी कर. दुसऱ्या कुणी वाचला तर मी उठून बसेन, सांगून ठेवते. आणि दादाला, तुझ्या काकाला, आधी बोलू नकोस. तो नियम काढेल.” मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पण आत्या गेली एकतीस वर्षं चर्चची पायरी चढलेली नव्हती. आणि सलग तीन वर्षं जो गैरहजर त्याचं नाव कमी, ज्याचं नाव कमी त्याला वेदीपुढे उभं राहून वाचता येत नाही, असा आमचा नियम. तो काकांना झोपेत उठवून विचारला तरी पोटकलमासकट सांगतील.

आत्या का गेली तेही सांगते, म्हणजे माझा राग फुकटचा वाटणार नाही. आत्याचा नवरा चर्चच्या गायनमंडळाचा प्रमुख होता. गळा मधाचा, आणि हात लोखंडाचा. चार वर्षं मार खाल्ल्यावर ती एक बॅग घेऊन निघाली. मग कमिटी बसली. कमिटीने पुष्कळ विचार केला आणि ठरवलं की तिने घर मोडलंय, तर तिने रविवारी मंडळीसमोर उभं राहून माफी मागावी. तिच्या नवऱ्याने काय करावं? त्याने गावं. त्याचा आवाज फार चांगला होता ना!

आत्या उभी राहिली. सगळ्यांकडे नीट बघून म्हणाली, “मार मी खाल्ला आणि माफीही मीच मागू? वा रे न्याय!” आणि मधल्या वाटेने चालत दाराशी आली. दारात आजी होती. आजीने एक शब्द न बोलता दार उघडलं, आत्या बाहेर पडली, आजीने दार लावलं. काका तेव्हा नुकतेच चिटणीस झाले होते. त्यांनी हे सगळं सुवाच्य अक्षरात इतिवृत्तात लिहून घेतलं.

आजी दारात का होती, तर हजेरी तिच्याकडे होती. त्याआधी अठ्ठावीस वर्षं ती रुग्णालयात चादरींच्या खोलीत होती. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, फाटलेल्या बाजूला काढायच्या, कुठल्या खोलीत किती गेल्या ते लिहायचं. निवृत्त झाल्यावर चर्चने तिच्या हातात हजेरीची वही दिली, आणि चर्चला वाटलं की म्हातारीला विरंगुळा दिला. विरंगुळा कसला! तिने मंडळीच्या चादरी केल्या. प्रत्येकाला नंबर. दाराशी स्टूल, मांडीवर वही, हातात पेन्सिल. दहा वाजून एक मिनिटाने येणाऱ्याला ती म्हणायची, “या, या. देव थांबलाय तुमच्यासाठी.”

आणि रविवारी जो दिसला नाही त्याच्या दारात सोमवारी सकाळी आजी हजर. “काल कुठे उलथला होतास?” हा पहिला प्रश्न. झोपला होता असं कळलं तर अर्धा तास बोलणी. पण खरंच आजारी असला, तर ती पदर खोचून आत शिरायची. अंथरूण काढायची, चादरी धुवायची, औषधाच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवायची, आणि दोन-दोन दिवस तिथेच राहायची. निम्म्या मंडळीची आजारपणं तिने अशी शिव्या घालत काढली. लोक तिला टरकून असायचे आणि ती दिसली नाही की कासावीस व्हायचे. मला विचाराल तर प्रेमळ बाई अशीच असते. पण हे पुस्तिकेत कसं छापणार? काकांना हवं होतं “सहनशील” आणि “निगर्वी”.

“आणि आकडा घाल,” काकांनी शुक्रवारी सकाळी फर्मावलं. “आईने तेहतीस वर्षांत एकही रविवार चुकवला नाही. नेमके किती रविवार होतात ते वह्यांमधून काढ. पाटीवर कोरायचाय.”

“काका, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा...”

“ते सोड. भावना महत्त्वाची. पण आकडा अचूक पाहिजे.”

असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने मला वेदीमागच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली दिली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर ते म्हणत होते की मी आगाऊपणा केला.

कपाटात तेहतीस वह्या होत्या, वर्षाला एक. मी दुपारी दीडला जमिनीवर बसले आणि साडेचारपर्यंत उठले नाही. आधी हसून हसून पोट दुखलं. वहीत दर रविवारचं एक पान, नंबराच्या पुढे हजेरीचा चौकोन, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तो रकाना बहुतेक आजारपण वगैरे लिहायला असावा. आजीने त्यात मंडळीचा इतिहास लिहून ठेवला होता. बारा नंबर, गैरहजर, “खोकला खोटा.” एकोणतीस नंबर, हजर, “अंगाने. मनाने नाही.” खजिनदारांच्या नंबरापुढे, “घोरला.” आणि स्वतःलाही सोडलं नव्हतं. ऑपरेशनचे सहा रविवार गैरहजर, माझ्या काविळीचे दोन गैरहजर, आणि एका भर पावसाळ्यातल्या रविवारी चक्क, “गैरहजर. कंटाळा.” पाटी गेली बोंबलत.

मग मला त्रेचाळीस नंबर दिसला. हजर. पुढच्या रविवारी हजर. त्याच्या पुढच्याही. मी पान उलटलं, वही बदलली, दुसरी काढली, दहावी काढली. मंडळीत झाडून सगळे कधी ना कधी चुकले होते. पाळक चुकले, काका चुकले, आजी चुकली. एकटा त्रेचाळीस नंबर एकतीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. मी पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यामागची नंबरांची यादी काढली आणि बोट फिरवत खाली आले. त्रेचाळीस नंबर म्हणजे आत्या.

आता हा शेऱ्याचा रकाना मला एकटीला कळण्यासारखा होता. कारण लहानपणापासून दर रविवारी उपासना सुटली की आजी मला घेऊन बसने दोन थांबे पुढे जायची. तिथे आत्याचं चष्म्याचं दुकान. आजी आत शिरायची, चष्मा काढून काउंटरवर ठेवायची. “स्क्रू सैल झालाय.” आत्या बारीक पेचकसाने स्क्रू घट्ट करायची. “झालं.” आजी चष्मा घालायची, तिच्याकडे दोन मिनिटं बघायची. “हं. आता नीट दिसतंय.” बस, एवढंच. दोघी एकीपेक्षा एक हट्टी! जगात कुठल्याही चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला सैल होत नाही. आजी बसमध्ये बसून पिनेने तो स्वतः सैल करायची, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि घरी येऊन ती वहीत लिहायची; स्वतः अंथरुणाला असली, तर न बघताच ‘हजर’. त्रेचाळीस नंबर, हजर, “बारीक झाली.” हजर, “दुकानाला नवा पडदा. चांगला आहे.” हजर, “खोकते. माझ्याशी बोलली नाही.” हजर, “केस पांढरे झाले. माझ्या आधी!” असे सोळाशेच्या वर शेरे. मग मला हसू येईना. मी वह्या मांडीवर घेऊन तिथेच बसून रडले. कपाटाची किल्ली परत न्यायला आलेल्या काकूला वाटलं, मी भावनेच्या भरात आकडा विसरले.

पाच वाजता कमिटी बसली. काका, मान हलवायला दोन सभासद, आणि पाळकसाहेब. पाळकसाहेब तरुण, चारच महिन्यांपूर्वी बदलून आलेले आणि काकांना बिचकून असलेले. काका उद्याचा कार्यक्रम वाचून दाखवत होते. शास्त्रपाठ ते स्वतः वाचणार होते. बहिणीबद्दल म्हणाले, “तिला निरोप पाठवलाय. आली तर मागच्या बाकावर बसेल. माणुसकी म्हणून हरकत नाही. पण नाव कमी झालेलं असल्यामुळे...”

“काका, नाव कमी झालेलं नाही,” मी म्हटलं.

“तीन वर्षं गैरहजर की नाव आपोआप कमी होतं.”

“आपोआप काही होत नाही काका, आमच्या कार्यालयातसुद्धा नाही. हजेरीवालीने यादी द्यावी लागते. आजीने कधी दिलीच नाही. आत्या गैरहजर नव्हती ना.” आणि मी सगळ्या वह्या टेबलावर ठेवल्या.

काकांनी पहिली उघडली. दुसरी उघडली. त्यांचा चेहरा असा झाला की मला पाण्याचा ग्लास पुढे करावासा वाटला. “हे खोटं आहे,” ते म्हणाले. “आईने... चर्चच्या वहीत... खोटं?”

“मृदुभाषी होती ना,” मी म्हटलं. चुकलंच माझं, पण जिभेला हाड नाही.

मग मी प्रत्येक वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथे दर वर्षअखेरीला, वरच्या कार्यालयाकडे आकडे पाठवण्याआधी, एक वाक्य लिहिलेलं होतं. “तपासले व बरोबर आढळले.” खाली चिटणिसाची सही. एकतीस वह्या, एकतीस सह्या. काकांची सही मोठी देखणी, शेवटी दोन वळसे. नियम पाळणाऱ्या माणसाने एकदाही पान उलटून पाहिलं नव्हतं. आईचीच वही, काय तपासायचं!

सभासदांना मान कुठल्या दिशेने हलवायची ते कळेना. शेवटी पाळकसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, “साहेब, इतिवृत्तात काय लिहू तेवढं सांगा. वह्या खऱ्या असतील तर या भगिनी मंडळीतल्या सगळ्यांत नियमित सभासद आहेत. उद्या वाचायचा पहिला मान त्यांचा. वह्या खोट्या असतील, तर एकतीस खोटे दाखले वर गेलेत, चिटणिसांच्या सहीने. तसं मला कळवावं लागेल.”

अरे वा, म्हटलं, माणूस वाटतो तितका बिचारा नाही!

काकांनी स्वतःची सही पुन्हा एकदा पाहिली. मग वही मिटून म्हणाले, “वह्या खऱ्या आहेत.” आणि कुणाकडे न बघता खोलीतून निघून गेले. दोन्ही सभासदांनी लगेच मान हलवली.

अर्धं काम झालं होतं. उरलेलं अर्धं जास्त अवघड होतं, कारण कमिटी एक वेळ नमते, आत्या नमत नाही. मी दोन वह्या पिशवीत घालून बसने तिच्या दुकानात गेले. ती शटर अर्धं ओढून आवरत होती. मी सगळं सांगितलं. तिने चष्म्यांच्या फ्रेमा पुसणं थांबवलं नाही.

“म्हणजे आता दादाने परवानगी दिली, तर मी माझ्या आईसाठी वाचायचं?”

“दादाने नाही. आजीने सांगितलंय.”

“आजी!” तिने फडकं आपटलं. “त्या दिवशी तुझी आजी दारात होती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझी आई एक शब्द बोलली नाही. ‘थांब’ नाही म्हणाली. ‘जा’ पण नाही म्हणाली. दार उघडलं आणि लावलं. कुणी परकी बाई असती तर तिनेसुद्धा पाठीवर हात ठेवला असता. मी दफनभूमीत येईन, लांब उभी राहीन, माती टाकीन आणि परत येईन. त्या वेदीपुढे नाही. तू घरी जा, उशीर होतोय.”

मी वाद घातला नाही. वाद घातला असता तर ती अजून एकतीस वर्षं आली नसती. मी एकतीस वर्षांपूर्वीची वही काढली, तो रविवार उघडला आणि काउंटरवर दिव्याखाली ठेवली. तिने बघायचं नाही असं ठरवून बघितलं. चौकोनात हजर. ते खरंच होतं, त्या दिवशी ती हजर होतीच. आणि शेऱ्याच्या रकान्यात आजीचं ते चादरींच्या चिठ्ठीसारखं टोकदार अक्षर.

“खरं बोलली. माझी हिंमत झाली नाही.”

आत्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा वाचलं. तिने स्टूल ओढलं, बसली, आणि पुढचं पान उलटलं. मग त्याच्या पुढचं. मी दुसरी वही पुढे सरकवली. “बारीक झाली” म्हटल्यावर ती फिसकन हसली, आणि “माझ्याशी बोलली नाही” पाशी तिने तळहाताने तोंड दाबलं. “मी तरी कुठे बोलू दिलं गं तिला,” ती म्हणाली. “एक स्क्रू... मेली, स्वतःच सैल करून आणायची, मला काय कळत नव्हतं?” आणि ती मोठ्याने रडली. मी शटर पुरतं खाली ओढलं.

बऱ्याच वेळाने नाक पुसत तिने विचारलं, “किती वाजता आहे?”

“दहाला.”

“मी साडेनऊला येते. नाहीतर दादा उशीर झाला म्हणून बोंबलेल.”

शनिवारी चर्च खच्चून भरलं होतं. आत्या मधल्या वाटेने चालत आली तेव्हा बाकांवरच्या माना तिच्यामागे वळत गेल्या. ती सरळ पुढच्या बाकावर येऊन बसली, माझ्या आणि काकांच्या मध्ये. काका जरा सरकले. दोघांनी समोर बघितलं. मी माझं लिहिलेलं वाचलं. त्यात खोट्या खोकल्याचं होतं, धुतलेल्या चादरींचं होतं, आणि कंटाळ्याच्या रविवाराचंही होतं. लोक हसले, रडले, आणि काका पूर्ण वेळ हातातल्या छापील पुस्तिकेत “निगर्वी” शोधत होते.

मग पाळकसाहेबांनी आत्याला बोलावलं. ती उठली, वेदीपुढे गेली, पुस्तक उघडलं. आणि आवाज फुटेना. हात असे थरथरायला लागले की पानं वाजत होती, ती माईकमधून ऐकू येत होती. एक ओळ वाचली, तीही अर्धी. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा अडकली. एकतीस वर्षांपूर्वी याच जागेवरून ताडताड बोलून गेलेली बाई एक ओळ वाचू शकत नव्हती. मागे कुणीतरी कुजबुजलं.

तेवढ्यात काका उठले. संपलं, म्हटलं, आता हे पुस्तक काढून घेणार आणि स्वतः वाचणार, यांना तेच हवं होतं. मी त्यांचा कोट धरायला हात पुढे केला, पण ते निघून गेले होते. ते आत्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तिच्या हातांखाली हात घालून त्यांनी पुस्तक धरलं आणि ओळीखाली बोट ठेवलं.

“इथून,” काका म्हणाले.

आत्याने वाचायला सुरुवात केली. एक ओळ नीट गेली. दुसरीही गेली. काकांचं बोट तिच्या पुढे पुढे सरकत होतं आणि तिसऱ्या ओळीला, सवयच ती, ते हळूच तिच्या आधी पुढचा शब्द म्हणाले. आत्या थांबली. तिने त्यांच्याकडे वळून बघितलं.

“मला वाचता येतं, दादा. तू फक्त धर.”

माईक चालू होता. शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. काकांनी बोट मागे घेतलं, मान खाली घातली, आणि ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचत होती तोवर दोन्ही हातांनी पुस्तक धरून उभे राहिले.